फोर-व्हील ड्राइव्ह गाडी टू-व्हील करणे

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या एसयूव्हीत किंवा जीपमध्ये फेरफार करून ती फक्त दोन चाकांच्या जोरावर चालवण्याची पद्धत. ‘पुढचा शाफ्ट उतरवला’ एवढ्या तीन शब्दांत गॅरेजमध्ये हे काम सांगून होते. शब्द तीनच असले तरी कोणत्या गाडीचा कोणता शाफ्ट उतरवायचा यावर सगळे अवलंबून असते. एका गाडीत अर्ध्या तासात बिनधोक होणारे हे काम दुसऱ्या गाडीत केले तर ती जागची हलत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे उभी केलेली गाडी उतारावरून घरंगळते.

फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या मागे किंवा बाजूला ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, असते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारी फिरती नळी) मागच्या डिफरन्शियलला (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि दुसरा पुढच्या डिफरन्शियलला जातो. जुनी जीप, जिप्सी आणि थार या ‘पार्ट-टाइम’ जातीच्या. त्यांचा लिव्हर टू-व्हीलवर असताना फक्त मागची चाके गाडी ढकलतात. फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेर घेतात. चिखलात किंवा वाळूत टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या काँक्रीटवर त्यांना घसरायला जागा मिळत नाही, ताण शाफ्टमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि लिव्हर अडकून बसतो. मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांवर ‘पाऊस आहे, असू दे’ म्हणून फोर-व्हील लावून फिरणारे याच कारणाने गिअरचे दात आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) खराब करून घेतात.

‘फुल-टाइम’ गाडीत हा फरक सोसायला मधे आणखी एक डिफरन्शियल असते. लँड रोव्हर डिफेंडर आणि भारतात २००९ साली आलेली पहिली टोयोटा फॉर्च्युनर याच जातीच्या. तिसरी जात मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि गरजेपुरती मागच्यांना ताकद पाठवणाऱ्या गाड्यांची. २०१४ ची रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह) त्यातली. तिच्यात टू-व्हील, ऑटो आणि लॉक यांसाठी बटण कंपनीनेच दिले आहे. कंपनीने अशी सोय दिली असेल तर शाफ्टला हात लावायचे कारणच उरत नाही.

हा विचार जीपइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या हजारो जीप नागरी रस्त्यांवर आल्या. त्यांची पुढची चाके लिव्हर टू-व्हीलवर असतानाही एक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट यांना फुकट फिरवत राहत. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी या जीपांसाठी सुटे करता येणारे हब (चाकाचा मधला भाग) बनवायला घेतले. हब ‘फ्री’ केला की चाक एकटेच फिरते, त्याच्या आतली एक्सल-शाफ्टची यंत्रणा स्तब्ध राहते. ‘लॉक’ केला की सगळे पुन्हा जोडले जाते. मारुती जिप्सी (१९८५) भारतात आली तीही पुढच्या चाकांवर असे हब घेऊन. प्रस्तुत लेखकाच्या मते टू-व्हील करण्याचा हाच खरा शहाणा मार्ग आहे. काहीही काढावे लागत नाही आणि गावी, घाटात, चिखलात गरज पडली की चाकाजवळ बसून हाताने खटका फिरवला की गाडी पुन्हा पूर्ववत.

मुंबईत लोक शाफ्ट उतरवतात ते बहुधा नाइलाजाने. पुढचे डिफरन्शियल आवाज करू लागते, क्रॉस खिळखिळा होऊन ठरावीक वेगाला फरशी थरथरते, आणि जुन्या आयात गाडीचा सुटा भाग मिळायला महिने लागतात. तोवर गाडी रोज ऑफिसला न्यायची असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानांत जोडीचे डिफरन्शियल मिळेपर्यंतची ही तात्पुरती सोय असते. बरीच कुटुंबे ती तशीच वर्षानुवर्षे चालवतात. डिझेल वाचेल ही आशाही असते, पण ती फार धरू नये. नुसता शाफ्ट काढला तरी पुढच्या चाकांबरोबर एक्सल आणि डिफरन्शियल फिरतच राहतात, आणि गाडीच्या वजनातून वजा होतो तो केवळ एका नळीचा भार.

प्रत्यक्ष काम पार्ट-टाइम जीपवर असे होते. गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन चाकांना लाकडी गुटके लावतात. चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी छिन्नीने किंवा रंगाच्या ब्रशने शाफ्टवर आणि त्याला लागून असलेल्या फ्लँजवर (बोल्ट बसणाऱ्या चकतीवर) समोरासमोर खूण करतो. शाफ्ट कारखान्यात तोलून बसवलेला असतो. परत लावताना अर्धा फेर चुकला तरी कंप येऊ शकतो. मग दोन्ही टोकांचे बोल्ट निघतात. शाफ्ट एका हाताने तोलून धरावा लागतो, नाहीतर मोकळे टोक खाली आदळून क्रॉसच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया विखुरतात. ट्रान्सफर केसच्या टोकाला बोल्टची फ्लँज असेल तर काम इथेच संपते. शाफ्टचे टोक ट्रान्सफर केसमध्ये सरकवून बसवलेले असेल तर ते ओढताच ऑइल धो-धो वाहते आणि भोकाला योग्य झाकण बसवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही.

त्यानंतर मालकाने एक पथ्य कायम पाळायचे. लो गिअर, म्हणजे ट्रान्सफर केसमधला संथ पण जास्त जोराचा गिअर, वापरायचा नाही. विलीज या मूळ लष्करी जीपच्या वंशातल्या जीपमध्ये पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडूच नये अशी आतली अडवणूक असते, कारण लोमधला वाढीव जोर एकट्या मागच्या एक्सलने सोसायचा नसतो. पुढचा शाफ्ट काढला की लिव्हरला हे कळत नाही. तो लोमध्ये जातो, सगळा जोर मागे येतो आणि चढावर रुतलेल्या गाडीचा मागचा एक्सल तुटतो.

फुल-टाइम गाडीत गोष्ट वेगळी. मधले डिफरन्शियल मोकळे असताना एक शाफ्ट काढला तर ताकद सोपी वाट धरते आणि रिकाम्या टोकाला फिरवत बसते. इंजिन गरजते, गाडी हलत नाही. मधले डिफरन्शियल लॉक केले, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना बांधली, तरच ती चालते, आणि ते लॉक कायम ठेवावे लागते. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ लावल्यावर जो खटका गाडी धरून ठेवतो, तो ट्रान्सफर केसच्या अलीकडे असतो. लॉक सुटले तर ‘पी’मध्ये असूनही गाडी मोकळी होते. जुन्या लँड रोव्हर आणि विलीज यांचा हँडब्रेक तर चाकांवर नसून ट्रान्सफर केसमधून मागे निघणाऱ्या शाफ्टवर असतो. त्यांचा मागचा शाफ्ट उतरवणे म्हणजे हँडब्रेक उतरवणे. मलबार हिलच्या किंवा पवईच्या चढावर अशी गाडी उभी करणाऱ्याने हे माहीत नसताना गाडीला हातही लावू नये.

काहीजण पुढे जाऊन चाकांपर्यंतचे पुढचे छोटे ड्राइव्ह शाफ्टही काढतात. जुन्या जीपच्या सरळ एक्सलमध्ये चाकाचे बेअरिंग वेगळ्या नळीवर बसते, तिथे हे चालते. आधुनिक स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टचे बाहेरचे टोक आणि त्याचा नटच बेअरिंगला घट्ट धरून ठेवतो. तो काढून चालवले तर बेअरिंग सुटे होऊन चाक डगमगू लागते. त्यामुळे हे बाहेरचे टोक, बाकीचा शाफ्ट आतून कापून का होईना, पण जागेवर ठेवावेच लागते.

वापरात नसलेली यंत्रणा मुंबईत लवकर खराब होते. हवेतले मीठ आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा हबच्या खटक्यात गंज चढवतो. न फिरणाऱ्या डिफरन्शियलमध्ये ऑइल वर उडत नाही, वरचे दात कोरडे पडतात, ऑइल सील कडक होतात. टोयोटाच्या पार्ट-टाइम गाड्यांच्या पुस्तिकेत दर महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगितले आहे ते याचसाठी. शहरात त्यासाठी कोरडा डांबरी रस्ता निवडू नये; वसई-विरारकडचा कच्चा रस्ता किंवा कर्जतच्या शेतांमधली पायवाटेसारखी वाट शोधावी.

पावसाळ्यात टू-व्हील केलेली गाडी घेऊन फिरावे का, हा प्रश्न २६ जुलै २००५ आठवला की मुंबईत पडतोच. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या पाण्यात गाडी चालू राहते ती हवा घेण्याचे तोंड पाण्याच्या वर असल्याने. चार चाके फिरतात म्हणून नव्हे. फोर-व्हीलचा उपयोग पाणी ओसरल्यावर उरलेल्या गाळात होतो. खरी सावधगिरी हवी ती पहिल्या सरीनंतर: रस्त्यावरचे तेल वर येते आणि आखूड जीपची ताकद फक्त मागे असेल तर वळणावर तिची शेपटी बाहेर फेकली जाते.

कायद्याची बाजू मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे: उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून काहीही कापण्याआधी गाडी जिथे नोंदलेली आहे त्या ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओत लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

नवी गाडी घेणाऱ्याला तर हा खटाटोप करायचे कारणच राहिलेले नाही. थारची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ पासून मिळते, १.५ लिटर डिझेल इंजिनासह. जुन्या गाडीचा शाफ्ट काढलाच तर तो भंगारात देऊ नये. क्रॉसमध्ये ग्रीस भरावे, शाफ्ट लांब-आखूड होतो त्या सरकत्या दातांवर ग्रीसचा थर द्यावा, दोन्ही टोके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधावीत आणि शाफ्ट जमिनीवर न टाकता भिंतीला उभा टांगावा. फ्लँजवरची खूण रंगाची असेल तर तिच्यावरून छिन्नीचा एक हलका ठोका मारून ठेवावा, कारण मुंबईच्या दोन पावसाळ्यांत रंग निघून जातो.