आठ मिनिटांचा राग, चाळीस मिनिटांचा परिणाम

राजवाड्याजवळ गाडी लावण्याच्या जागेवरून जुंपलेले भांडण इंदूरकरांना नवे नाही. असाच एक प्रसंग आटोपून रामबागेत परतलेले आमचे एक शेजारी ‘बोलून टाकलं, आता मोकळं वाटतंय’ असे म्हणाले आणि पुढचा अर्धा तास तेच भांडण, दर खेपेला आवाज थोडा चढवत, भेटेल त्याला सांगत राहिले. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिटी झाली की दाब उतरतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे दाइची शिंबो आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. २८० निरोगी प्रौढांपैकी काहींना राग आणणारी, काहींना चिंतेची वा दुःखाची आठवण आठ मिनिटे काढायला लावली आणि उरलेल्यांना नुसते आकडे मोजायला सांगितले. राग आठवणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटली आणि ही घट चाळीस मिनिटांपर्यंत टिकली. चिंता आणि दुःख यांचा तसा ठळक परिणाम दिसला नाही.

प्रसरणक्षमता मोजण्याची रीत मोठी सुरेख आहे. दंडावर पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवतात. पट्टा सोडताच रक्त उसळून येते आणि त्याच्या घर्षणाने धमनीच्या आतला, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा अंतःस्तर जागा होतो. त्यातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करतात. काही सेकंदच टिकणारा हा वायू शेजारच्या स्नायुपेशींत शिरतो, तेथे चक्रीय जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, कॅल्शियम उतरते, स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. दाब तोच राहिला तर नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून त्रिज्येत दहा टक्के वाढ झाली तरी प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी हाच वायू बाहेरून पुरवते. या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. क्षणिक रागाने निरोगी माणसाचे बिघडत नाही. परंतु दिवसातून चारदा भडकणाऱ्याच्या वाहिन्यांना सावरायला उसंत कधी मिळणार?

या प्रयोगात राग आणायला कोणी समोर नव्हते, आठवण पुरली, हे विसरू नये. म्हणजे शेजाऱ्यांचे प्रत्येक कथन हा नवा हप्ताच होता. २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, १५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही शरीराची उत्तेजना उतरवणारे उपाय रागावर लागू पडले, ती चढवणारे नाहीत. तेव्हा पैसे घेऊन काचा फोडू देणाऱ्या ‘रेज रूम’ आणि मंगळ शांत करणारी पोवळ्याची अंगठी या दोहोंत लाभ विक्रेत्याचाच.

उत्तेजना उतरवण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन श्वास आहे. उच्छ्वासाच्या वेळी, मेंदूकडून हृदयाकडे येऊन ठोके मंदावणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा हृदयावरील लगाम घट्ट होतो, श्वास आत घेताना तो ढिला पडतो. पलासियाच्या चौकात मागचा हॉर्न वाजवू लागला की मनगटावर बोट ठेवून पाहावे: श्वास घेताना ठोके जवळजवळ पडतात, सावकाश सोडताना त्यांतले अंतर वाढते. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर या हिशेबाने दीड मिनिटाच्या लाल दिव्यात असे नऊ श्वास बसतात.