भरतीप्रवाहांचे संख्यात्मक प्रतिमान

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी आणि प्रवाहाचा वेग कसा बदलतो, हे गतिकीची समीकरणे संगणकावर सोडवून काढण्याची पद्धत. बंदरात साचणारा गाळ, खाडीत सोडलेले सांडपाणी कुठवर जाईल, असे प्रश्न तिने सोडवतात.

या पद्धतीचा कस लागतो तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक गोव्यात सुमारे 2 मी., मुंबईत 5 मी., तर खंबायतच्या आखातात भावनगरजवळ 10 मी. च्या घरात जातो. चंद्र-सूर्य तेच, फरक पाडतो तो तळ. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे 300 किमी. रुंद आहे. तिच्यावरून येताना भरतीची लाट उंचावते आणि पुढे नरसाळ्यासारखे निमुळते आखात तिला आणखी फुगवते.

मूळ समीकरणे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकात मांडली. उथळ पाण्यासाठी पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या वेगाची सरासरी घेतात. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम आणि तळाचे घर्षण त्यांत धरतात. समुद्राचे चौकटींत किंवा त्रिकोणांत तुकडे पाडून, खुल्या समुद्राकडच्या सीमेवर भरतीचे घटक, म्हणजे ठरावीक काळाने होणारे तिचे चढउतार, देतात. त्यांतला चंद्राचा मुख्य घटक 12 तास 25 मिनिटांचा. कालपायरी, म्हणजे एका गणनेपासून पुढच्या गणनेपर्यंतचा काळ, मात्र मनाला येईल तेवढी घेता येत नाही. 20 मी. खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे 14 मी. धावते, चौकट 100 मी. ची असेल, तर साध्या पद्धतीत पायरी 7 सेकंदांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर उत्तरे भरकटतात. ही अट गणितज्ञ कुरांत, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी 1928 मध्ये दाखवली.

सर्वांत अवघड जागा म्हणजे चिखलवट आणि कांदळवन. भरतीला बुडणारी ही जमीन सुकतीला उघडी पडते, म्हणून गणितातल्या चौकटीही ओल्या-कोरड्या कराव्या लागतात. ही जमीन वगळली, तर खाडीत आत-बाहेर करणारे पाणी कमी भरते आणि मुखाशी प्रवाहाचा वेगही कमी निघतो. तिथे भराव घातल्यावर प्रत्यक्षात होते तेही हेच, आणि मंदावलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो.

घर्षणाचा गुणांक थेट मोजता येत नाही. प्रतिमानाची पातळी भरतीमापकाच्या नोंदींशी जुळेपर्यंत तो बदलत नेतात. पण पातळी जुळली म्हणजे प्रवाह जुळला असे नाही. त्याची पडताळणी पाण्यात उतरवलेल्या प्रवाहमापकाशीच करावी लागते. खंबायतमध्ये वाळूचे दांडे सरकत असतात, त्यामुळे खोलीची मोजणीही पुन्हापुन्हा करावी लागते.