दर महिन्याला नवं स्त्रीबीज तयार होतं का?

‘पुरुषात शुक्राणू बनत राहतात, तशाच बाईच्या अंडाशयातल्या स्टेम सेल्स (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) दर महिन्याला नवं बीज घडवतात, वयाची काळजी नको,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. पाळी महिन्याला येते, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण त्या महिन्यात आधीपासून असलेलं बीज फक्त पिकतं. मुलगी आईच्या पोटात 20 आठवड्यांची असते तेव्हा तिच्याकडे सुमारे 60 ते 70 लाख बीजं असतात. जन्मावेळी 10 ते 20 लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम 400-500. बाकीची आपोआप विरून जातात, अगदी गरोदरपणातही.

2004 साली उंदरांवरच्या संशोधनातून अंडाशयातल्या स्टेम सेल्स नवी बीजं बनवत असाव्यात अशी शक्यता पुढे आली. वाद अजून चालू आहे, मात्र बाईच्या शरीरात त्या आपणहून नवी बीजं बनवतात हे सिद्ध झालेलं नाही.

पडताळायचं असेल तर सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान फॉलिकल्सची (बीज ज्यात वाढतं त्या अंडाशयातल्या पिशव्यांची) संख्या बघा, ती वयाबरोबर घटत जाते. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन केलेल्या आयव्हीएफमध्येही (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारातही) यश मुख्यतः बीज देणारीच्या वयावर ठरतं. मूल हवं असेल आणि वय पस्तिशीकडे झुकलं असेल, तर डॉक्टरांशी लवकर बोला.