गवती चर

रस्ता, वाहनतळ किंवा मैदानाच्या कडेने काढलेला उथळ, पसरट आणि गवताने झाकलेला चर म्हणजे गवती चर. अभियंत्यांच्या बोलण्यात तो ‘स्वेल’ असतो. पावसाचे पाणी सिमेंटच्या नालीत पडले की धावत सुटते. इथे ते गवताच्या काड्यांतून वाट काढत सरपटते, सोबतचा गाळ मागे टाकते आणि जमीन घेईल तेवढे तिच्यात मुरते. विदर्भातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. धुऱ्याकडेला पाणी निघून जावे म्हणून न नांगरता राखलेली गवताची पट्टी हे याचेच शेतातले रूप. शहरात तशी पट्टी कुणी ठेवली, तर दोन-चार वर्षांत तिच्यावर गट्टू, म्हणजे सिमेंटच्या फरशा, बसतात.

चराचा छेद परातीसारखा असतो: तळ साधारण ०.६ ते २.४ मीटर रुंद आणि बाजू इतक्या सपाट की एक मीटर चढायला तीन मीटर आडवे जावे लागावे. लांबीचा उतार एक-दोन टक्के असला की काम नीट चालते. त्याहून सपाट चरात डबकी साचतात. फार उतार असेल तर मध्ये मध्ये दगडांचे बुटके बांध घालावे लागतात, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत तळ खरवडून निघतो. गवत पाण्याला किती अडवते ते मॅनिंगच्या गुणांकावरून कळते. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१३ च्या आसपास धरतात, तर दाट गवतातून वाहणाऱ्या उथळ पाण्यासाठी ०.२ किंवा त्याहून जास्त. उतार आणि पाण्याची खोली सारखीच असेल तर गवतातले पाणी पंधरापट संथ चालते.

या संथपणामुळेच पाणी निवळते. टायरची झीज, माती, धूळ आणि त्यांना चिकटलेले जस्त-शिसे यांसारखे धातू गवतात अडकतात. विरघळलेले नायट्रेट आणि जिवाणू मात्र फारसे अडत नाहीत. म्हणून सांडपाणी या चरात कधीच सोडू नये. पावसाळी नालीला घराघरांतली मोरी जोडलेली असेल, तर आधी ती तोडावी आणि मगच चराचा विचार करावा.

नागपुरात चराचे भवितव्य ठरवते ती काळी माती. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या सरींना त्या भेगा गिळून टाकतात. बघणाऱ्याला वाटते, जमीन किती पाणी पिते! पण या मातीतली चिकणमाती पाणी लागताच फुगते, भेगा मिटतात आणि जुलैच्या मध्यापर्यंत तीच जमीन तव्यासारखी बंद होते. शहराचा वर्षाचा पाऊस सुमारे १,००० ते १,१०० मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. म्हणजे जोर असतो तेव्हाच जमीन पाणी घेणे थांबवते. अशा ठिकाणी चराखालची माती अर्धा मीटरभर काढून तिथे वाळू, मुरूम आणि शेणखताचे मिश्रण भरतात आणि त्याखाली गिट्टीच्या थरात भोके पाडलेला पाइप टाकतात. खर्च वाढतो, पण काळ्या मातीत दुसरा भरवशाचा उपाय नाही. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीकडच्या उंचवट्यांवर मुरूम वरच लागतो. तिथे साधा चरही पुरतो. शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे, नाग नदीही तशीच वाहते. तेव्हा चर काढायला सुरुवात पश्चिमेच्या चढावर करणे शहाणपणाचे. तिथे थांबलेले पाणी खालच्या वस्त्यांत उशिरा आणि थोडे थोडे पोहोचते.

चराकडून किती अपेक्षा ठेवावी, हे साध्या हिशेबातून कळते. दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब रस्त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २०,००० लिटर पाणी होते. तेवढ्याच लांबीचा, तळाशी दीड मीटर रुंद चर १५ सेंटिमीटर भरला तर त्यात सुमारे २९,००० लिटर मावते. अर्थात, एरवीची सर चर एकटाच पचवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मात्र काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्याच रस्त्यावर अशा वेळी एक लाख लिटर पाणी उतरते. तेव्हा पूर आवरण्याचे काम तलावाच्या सांडव्याचे आणि नदीच्या मोकळ्या पात्राचे. ते गवतावर ढकलणे म्हणजे फसवणूक आहे.

जागेचे रडगाणे नेहमीचेच, पण जागा असते. रस्त्यांच्या दुभाजकांत माती रस्त्याच्या वर ढीग करून भरतात; पावसात ती वाहून डांबरावर येते आणि उन्हाळ्यात टँकरने पाणी घालावे लागते. हाच दुभाजक रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवला आणि किनारीच्या दगडांत खाचा सोडल्या, तर तोच चर होतो. मात्र रस्त्याचा उतार आतल्या बाजूला हवा. तो बाहेरच्या नालीकडे असेल, तर खाचा कोरड्याच राहतात.

गवत निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा. हरळी वाळून पिवळी पडते, पण तिचे फुटवे जमिनीत जिवंत राहतात आणि पाऊस लागताच आठवडाभरात हिरवे होतात. बांधांच्या कडेला वाळा लावावा. कूलरच्या ताट्यांमुळे तो नागपूरकरांच्या ओळखीचा आहे आणि त्याची मुळे माती घट्ट धरतात. बेशरमाचे झुडूप उगवले तर लगेच उपटावे, ते पाणवाटच बंद करते. पोळ्यापर्यंत गवत गुडघ्यापार जाते. ते बोटभर न ठेवता १० ते १५ सेंटिमीटरवर कापावे. कापलेले गवत गुरांना घालण्याचा मोह टाळावा, कारण रस्त्याची घाण त्याच्यावरच बसलेली असते.

डासांची तक्रार खरी असते, पण दोष बहुतेक वेळा बांधणीचा असतो. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो. नीट केलेला चर दोन दिवसांत कोरडा पडतो. त्याहून मोठी अडचण खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, प्लास्टिक पन्न्यांची. पाइपाच्या तोंडाशी त्यांचा गठ्ठा बसला की वरचे सगळे पाणी तुंबते. म्हणून तोंडावरची जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला हाताने साफ करावी लागते. साचलेला गाळ दिवाळीनंतर, माती सुकली पण अजून तडकली नाही अशा वेळी काढतात.