आर्मेनियाची एकुलती एक अणुभट्टी

आर्मेनियाची राजधानी येरेवानमधल्या बहुमजली इमारतींचं १९९३-९४ सालचं हिवाळ्यातलं दृश्य असं होतं: खिडकीची एक काच काढून तिथं पत्रा ठोकलेला आणि त्या पत्र्यातून बाहेर आलेलं धुराड्याचं नळकांडं. मजल्यामजल्यावर असंच, आणि वर भिंतीवर काजळीचे ओघळ. आत दिवाणखान्यात लोखंडी शेगडी. तिच्यात आधी रस्त्याकडेची आणि बागांतली झाडं गेली, मग जुनं फर्निचर, मग जमिनीच्या लाकडी पट्ट्या. काही घरांत पुस्तकंसुद्धा जळली. बाहेर तापमान शून्याखाली आणि वीज दिवसाकाठी एक-दोन तास. आर्मेनियाची माणसं १९९२ ते १९९५ या काळाला आजही 'अंधाराची आणि थंडीची वर्षं' म्हणतात.

आपल्याकडे ज्यांनी खेड्यात बारा-बारा तासांचं भारनियमन काढलंय, रॉकेलच्या चिमणीपुढे अभ्यास केलाय, त्यांना यातला अंधार समजेल. थंडीची कल्पना मात्र आपल्याला येणार नाही.

ही वेळ का आली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. जेमतेम तीस लाख वस्तीच्या या डोंगराळ देशात सांगण्यासारखा कोळसा नाही, तेल नाही, नैसर्गिक वायूही नाही. सोव्हिएत काळात येरेवानच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, द्राक्षाच्या आणि जर्दाळूच्या बागांनी भरलेल्या अरारात मैदानात, मेत्सामोर इथं दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. पहिली १९७६ मध्ये सुरू झाली, दुसरी १९८० मध्ये. ७ डिसेंबर १९८८ रोजी स्पिताकचा भूकंप झाला आणि सुमारे २५ हजार माणसं मेली. तिथून ७५ किलोमीटरवर असलेल्या मेत्सामोरला इजा झाली नाही. पण चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. भूकंपाच्या पट्ट्यात अणुभट्टी नको, ही लोकांची मागणी अगदी रास्त होती. १९८९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही अणुभट्ट्या बंद झाल्या.

पुढे सोव्हिएत संघ फुटला आणि नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून अझरबैजानशी युद्ध पेटलं. अझरबैजान आणि तुर्कस्तानने सीमा बंद केल्या. वायू येण्यासाठी जॉर्जियातून एकच नळ उरला होता, तोही घातपातात वारंवार फुटायचा. मग उरलं पाणी.

ते पाणी सेवान सरोवराचं. समुद्रसपाटीपासून १९०० मीटर उंचीवरचं हे गोड्या पाण्याचं सरोवर म्हणजे आर्मेनियाचा जीव. त्यातून निघणाऱ्या ह्रझदान नदीवर एकाखाली एक अशी सात जलविद्युत केंद्रं आहेत. वीज हवी तर सरोवर उपसायचं, असा हा हिशोब. विसाव्या शतकात आधीच त्याची पातळी बरीच खाली गेली होती. ती भरून काढण्यासाठी ४८ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून दुसऱ्या नदीचं पाणी आणलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पातळी थोडी चढूही लागली होती. अंधाराच्या वर्षांनी ती कमाई धुऊन नेली.

मला या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथं आहे. त्या वर्षांचा आर्मेनियाच्या कार्बन उत्सर्जनाचा आलेख काढला, तर तो कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. कारखाने बंद, वायू नाही, डिझेल नाही, मग कार्बन डायऑक्साइड येणार कुठून? कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, केवढी प्रगती! डोंगरउतारावरची जी झाडं शेगड्यांत गेली, त्यांचा धूर या आकड्यात धरला जात नाही. हा आकडा फक्त कोळसा, तेल, वायू यांसारख्या इंधनांचा. उत्सर्जन कमी होण्याचे दोन मार्ग असतात: वीज स्वच्छ करणं किंवा माणसांना विजेविना ठेवणं. आलेखाला यातला फरक कळत नाही, म्हणून तो वाचणाऱ्याला कळायला हवा.

५ नोव्हेंबर १९९५ रोजी, साडेसहा वर्षांनंतर, मेत्सामोरची दुसरी अणुभट्टी पुन्हा सुरू झाली. पहिली कायमची बंद राहिली. घराघरांत चोवीस तास वीज परतली.

आज ही चारशे मेगावॉटच्या आसपासची एकच भट्टी देशाची साधारण एक तृतीयांश वीज देते. बाकीची मुख्यतः वायूची आणि पाण्याची, आणि अलीकडे झपाट्याने वाढलेली सौर. या भट्टीची वीज वर्षाला साधारण २६० कोटी युनिट धरू. हीच वीज चांगल्या आधुनिक वायू केंद्रातून काढली, तर दर युनिटमागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघतो. म्हणजे वर्षाला दहा लाख टनांहून थोडा जास्त, लोकसंख्येने भागला तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी एक तृतीयांश टन. अणुभट्टीत काही जळत नाही. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, चाक फिरतं. खाणकाम, इंधन तयार करणं, सिमेंट, पोलाद हे सगळं धरूनही हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१४ मध्ये दिलेला मध्यम अंदाज युनिटमागे १२ ग्रॅम आहे. याच पद्धतीने मोजलेली वायूची वीज ४९० ग्रॅम आणि कोळशाची ८२० ग्रॅम.

या भट्टीत जाणारी युरेनियमची गोळी शेंगदाण्याएवढी असते, वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. तेवढ्यातून हजार-बाराशे युनिट वीज निघते. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या आपल्याकडच्या घराची ही वर्षभराची गरज. अशा गोळ्या नळ्यांत भरायच्या, १२६ नळ्यांची एक जुडी बांधायची आणि अशा जुड्या गाभ्यात उभ्या करायच्या. वर्षाला लागणारं युरेनियम दहा टनांच्या घरातलं. सीमा बंद असल्यामुळे ते रशियातून विमानाने आणलं गेलं आहे. तेवढ्याच विजेसाठी वायू आणायचा तर पन्नास कोटी घनमीटर लागेल, आणि तो नळातूनच आणावा लागेल. नळ फुटला की काय होतं, हे या देशाने भोगलंय. इंधन वर्षभराचं आधीच घरात असणं याचं मोल त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

पण इंधनही रशियाचं आणि बराचसा वायूही रशियाचा, हे विसरून चालणार नाही. शिवाय ही भट्टी जुन्या घडणीची आहे. नव्या भट्ट्यांभोवती जाड काँक्रीटचं भक्कम कवच असतं, तसं हिच्याभोवती नाही. युरोपीय संघाने ती बंद करावी म्हणून आर्थिक मदतही देऊ केली होती. भूकंपाच्या दृष्टीने बरीच डागडुजी झाली आहे, तरी तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसाच्या मनात धाकधूक असेल, तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

वयाचाही प्रश्न आहे. गाभ्यातून सुटणारे न्यूट्रॉन कण दाबपात्राच्या, म्हणजे गाभा ज्यात असतो त्या भांड्याच्या, जाड पोलादावर वर्षानुवर्षं आदळतात आणि धातूतल्या अणूंची रांग विस्कटते. पोलाद हळूहळू ठिसूळ होत जातं. यावरचा उपाय आपल्या तांबटांना शतकानुशतकं ठाऊक आहे. तांबं ठोकून ठोकून कडक झालं की ते चिरू नये म्हणून तांबट भांडं पुन्हा तापवतो आणि धातू मऊ होतो. मेत्सामोरमध्ये २०२१ साली हेच केलं. भट्टी रिकामी करून दाबपात्र आतून साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, काही दिवस तसंच धरून ठेवलं आणि सावकाश निवू दिलं. विस्कटलेले अणू बऱ्याच अंशी जागेवर आले.

ही भट्टी २०३६ पर्यंत चालवायची, असं सरकारचं धोरण आहे. पुढे काय, इथं देशाचं लहानपण आड येतं. आर्मेनियाची एका वेळची सर्वांत मोठी मागणी बाराशे-तेराशे मेगावॉटच्या आसपास. आता कुणी म्हणेल, बांधा की हजार मेगावॉटची नवी भट्टी! पण ती एका क्षणी बंद पडली, तर जवळजवळ सगळा देशच बंद पडेल. ग्रिडमधलं, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातलं, सर्वांत मोठं यंत्र अचानक थांबलं, तर तेवढीच वीज दुसरीकडून तत्काळ मिळायला हवी, नाहीतर विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी तिची आवर्तनं, घसरते आणि उरलेली केंद्रंही एकामागून एक बाहेर पडतात. भारतासारख्या अवाढव्य ग्रिडमध्ये हजार मेगावॉट म्हणजे मोठ्या हंड्यातला एक तांब्या. आर्मेनियात आजची चारशेची भट्टीच जड आहे. दरवर्षी इंधन बदलायला ती थांबते, तेव्हा वायूची केंद्रं जोरात चालवावी लागतात. म्हणून तिथं लहान, कारखान्यात घडवून आणायच्या अणुभट्ट्यांची चर्चा चालू आहे. शंभर-दोनशे मेगावॉटच्या दोन-तीन असल्या, तर एक बंद पडली तरी बाकीच्या चालतील. अडचण एवढीच की अशा भट्ट्या जगात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चालू आहेत.

सूर्य भरपूर आहे आणि मला वाटतं, सौर वीज त्यांनी आणखी वाढवावीच. पण डिसेंबरच्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, येरेवानच्या घराघरांत दिवे लागतात आणि बऱ्याच घरांत हीटरही. त्या वेळेला नवी भट्टी, जुनी भट्टी की रशियाचा वायू, हे आताच ठरवावं लागणार आहे, कारण अणुभट्टी उभी राहायला दहा वर्षं सहज जातात.