दुपारचं ऊन, रात्रीची गाडी

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या जिन्याखाली मीटरची पेटी आहे. रात्री नऊच्या सुमारास घरात फ्रिज, पंखे आणि दिवे चालू असतात, तेव्हा मीटरवरचा बारीक लाल दिवा साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. पोर्चमधल्या गाडीला चार्जर लावला की तोच दिवा सेकंदाला तीनदा लुकलुकू लागतो.

मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला आहे. दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पुरं होतं. म्हणून ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणी घर किती वॅट घेतंय ते कळतं. तीन सेकंद म्हणजे ३७५ वॅट, सेकंदाला तीनदा म्हणजे ३३७५ वॅट. मधले ३००० वॅट गाडीचे. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्याने भागा आणि येणारं उत्तर ११२५ च्या जागी वापरा. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना हे गणित मी मुलांना घरून करून आणायला सांगायचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि गच्च्यांवर निळे-काळे पत्रे दिसू लागले. ज्यांनी पॅनेलही बसवलं आणि विजेची गाडीही घेतली, त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लाइट बिल जवळजवळ शून्य येतं, म्हणजे गाडी उन्हावरच चालते." हे वाक्य तपासून बघायला हवं.

समजा, ३ किलोवॅटच्या पॅनेलने महिन्यात ३६० युनिट तयार केले. त्यातले २४० ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला गेले आणि ग्रिडकडून घराने २५० घेतले. नेट मीटरिंगमध्ये दोन्हींची वजाबाकी होते, म्हणून बिलावर वापर दिसतो अवघा १० युनिट. खरा वापर मात्र आणलेले अधिक तयार केलेले वजा दिलेले, म्हणजे २५० + ३६० − २४० = ३७० युनिट. त्यातले थेट उन्हातून आलेले फक्त १२०, एक तृतीयांशाहून कमी. बाकीची वीज रात्री आणि पहाटे ग्रिडमधून आली. त्या वेळी सूर्य नसतो, राज्याच्या ग्रिडला एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रांचा आधार लागतो. गाडी रोज रात्री नऊला लावली तर तिच्यातली बहुतेक वीज तिथलीच. बिल हिशोब महिन्याचा करतं आणि त्यात वेळ पुसली जाते. पैशांच्या दृष्टीने ते ठीक आहे, पण गाडी कशावर चालली हे त्यातून कळत नाही.

लाल दिव्यालाही ते सांगता येत नाही. बऱ्याच मीटरमध्ये वीज आत येताना आणि बाहेर जाताना तो सारखाच लुकलुकतो.

दिशा ओळखायची तर चिमटा लावावा लागतो. कपड्याच्या चिमट्यासारखं उघडणारं, आत फेराइटचा गाभा आणि त्यावर तारेचे हजारो वेढे असलेलं हे उपकरण मेन वायरभोवती बसतं. वायर कापायची नाही, सोलायची नाही. बदलत्या विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्रही बदलतं आणि त्या बदलामुळे शेजारच्या वेढ्यांत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. वेढे २००० असतील तर वायरमधले १०० अँपिअर चिमट्यात ५० मिलिअँपिअर होऊन येतात, आणि ते मोजणं सोपं. चिमटा एकट्या फेजभोवतीच, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेभोवतीच हवा. फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्ही त्यात घेतले तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र पुसतात आणि आकडा शून्य येतो. शॉक लागला की घरची वीज तोडणारा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो: दोन्ही प्रवाहांची बेरीज शून्य आली नाही, म्हणजे वीज कुठेतरी गळतेय.

पण आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे झुलते. मग "आत" आणि "बाहेर" याला अर्थ काय? इथे नागपंचमीचा झोका आठवा. झोका पुढे जात असताना पुढे ढकललं तर त्याला ऊर्जा मिळते. तो मागे येत असताना पुढे ढकललं तर आपणच त्याच्याकडून ऊर्जा घेतो. झोका दोन्ही वेळा पुढेमागेच होतो, फरक असतो धक्का चालीबरोबर आहे की चालीविरुद्ध, एवढाच. विजेत व्होल्टेज आणि प्रवाह यांचं नातं असंच आहे. चिमट्याला जोडलेलं मोजणारं यंत्र सेकंदाला हजारो वेळा दोन्ही वाचतं, गुणाकार करतं आणि सरासरी काढतं. उत्तर धन आलं तर घर घेतंय, ऋण आलं तर घर देतंय.

चिमट्यावर एक बाण कोरलेला असतो. आमच्याकडे तो पहिल्यांदा उलटा बसला. तपासायची रीत सोपी: अंधार पडल्यावर आकडा बघा. रात्री आठला घर वीज विकतंय असं दिसलं तर चिमटा फिरवून घ्या. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि मीटरच्या सीलला हात लावू नका.

आता या यंत्रामुळे घराच्या विजेचा आलेख दर मिनिटाला दिसतो. फेब्रुवारीतल्या स्वच्छ दुपारी आमचं पॅनेल २४०० वॅट देतं, घर ४०० खातं, उरतात २०००. गाडी ३००० वॅटने लावली तर हजार ग्रिडकडून येतात. ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर असता तर ५००० आले असते. आमच्या चार्जरवर ६, १० आणि १३ अँपिअरची बटणं आहेत. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, ते सगळे उन्हातून भागतात. रोजच्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट पुरतात, म्हणजे साडेदहाला लावलेली गाडी साडेतीनपर्यंत तयार. फार हळू चार्ज करताना गाडीची स्वतःची यंत्रणाही काहीशे वॅट खाते, तेवढी तूट धरावी लागते. सातपूर-अंबडला कामावर जाणाऱ्यांची गाडी दुपारी घरी नसते. त्यांनी निदान सुट्टीचे दोन दिवस हे करून बघावं.

चार्जर गाडीशी बोलतो ते मला फार आवडतं. तो सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा एक इशारा पाठवतो. त्यात चालूचा वाटा १० टक्के असेल तर गाडी ६ अँपिअरपर्यंत घेते, ५० टक्के असेल तर ३० पर्यंत. चिमट्याचा आकडा वाचून हा वाटा आपोआप बदलणारे चार्जरही मिळतात. ढग आला की गाडी हळू होते, ऊन पडलं की पुन्हा वेग घेते.

मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं वाटतं. २० मेच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावरही असतो. पण पॅनेल तापून ६५ अंशांवर गेलं की २५ अंशांच्या तुलनेत त्याची ताकद सुमारे १४ टक्क्यांनी घटते. म्हणून दिवसातला सगळ्यात मोठा आकडा फेब्रुवारी-मार्चमध्येच चांगला दिसतो. आणि दुपारी लाइट गेली तर भर उन्हातही पॅनेल बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आमच्या गच्चीवरची वीज लागू नये म्हणून पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

श्रावणात आलेखाला करवतीसारखे दात येतात. कधी दोनशे, पाच मिनिटांनी हजार, पुन्हा तीनशे वॅट. ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग होतच नाही. अशा दिवशी मी ६ चं बटण दाबते, जेवढं ऊन येईल तेवढं गाडीत जाऊ देते आणि उरलेलं ग्रिडकडून किती आलं ते संध्याकाळी वहीत लिहून ठेवते.