सीएसआर, कोरोना आणि ३१ मार्चची पावती: थोडं मागचं

सीएसआरचं, म्हणजे कंपनीने नफ्यातला ठरावीक भाग समाजासाठी खर्च करायचा, त्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, खर्चाच्या एक्सेलमध्ये एक कॉलम असतो, 'शेड्यूल सातमधला कितवा मुद्दा' (शेड्यूल सात म्हणजे कंपनी कायद्यातली कुठला खर्च चालतो त्याची यादी). पैसे कुठे गेले हे महत्त्वाचं असतंच पण ते त्या यादीत बसतात का हे आधी बघतात, नाही बसले तर दिलेत काय आणि नाही काय, हिशोबात शून्य. मी काही वर्षं हाच कॉलम भरतोय म्हणून मार्च २०२० मध्ये जेव्हा टीव्हीवर रोज कोटींचे आकडे यायला लागले (टाटा ट्रस्ट्स ५०० कोटी आणि वर टाटा सन्सचे १,०००, विप्रो आणि अझीम प्रेमजी फाउंडेशन मिळून १,१२५, रिलायन्सचे पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या कोविड निधीला ५००, पुण्याच्या बजाज ग्रुपचे १००) तेव्हा घरचे म्हणत होते बघ किती दानशूर लोकं आहेत, आणि माझ्या डोक्यात फक्त तो कॉलम.

पण हे सगळं २०२० ला सुरू झालं नाही, आपल्याकडे तर नाहीच.

जुन्या बाजारपेठेत व्यापाऱ्याच्या बिलातच 'धर्मादा' म्हणून छोटी रक्कम लावायचे, मालामागे थोडी थोडी, त्यातून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा चालायच्या. म्हणजे शेठ दान करायचा पण गिऱ्हाईकाच्या खिशातून, हे तेव्हाही होतं. मग मुंबईत मोठा पैसा आला. जमशेटजी जीजीभॉयनी १ लाख रुपये दिले, त्यात सरकारने भर घातली आणि १८४५ मध्ये जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं, आजही अर्ध्या महाराष्ट्रातून पेशंट तिथे येतात. ते पैसे बऱ्याच अंशी चीनच्या अफूच्या व्यापारातले होते, हेही सांगून टाकतो, कारण दानाच्या गोष्टीत हा भाग लोक गाळतात.

साथ आणि शेठ हे नातं नीट दिसतं ते प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत माणसं गाठोडी बांधून गावाकडे पळाली, गिरण्यांना कामगार मिळेनात. त्याच काळात हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवत होते, जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. जागा अपुरी पडायला लागली तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेला दिला, एवढंच नाही तर लोकं घाबरत होती म्हणून स्वतः सगळ्यांसमोर सुई टोचून घेतली. नंतर १८९९ ला ती प्रयोगशाळा परळला गेली, तीच आजची हाफकिन संस्था. मला यातला बंगला फार आवडतो, कारण तो कुठल्या कॉलममध्ये बसतो असं कुणी विचारलं नाही. अर्थात त्याच प्लेगात पुण्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या, त्यांच्यामागे कुठला शेठ नव्हता.

मधली वर्षं पटकन सांगतो, ट्रस्ट आले, १९४१ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टने परळला कॅन्सरचं टाटा मेमोरियल उभं केलं, आणि एकूण मामला मालकाच्या इच्छेवर राहिला. ते बदललं २०१३ च्या कंपनी कायद्याने. कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून: नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी. सुरुवातीला नाही केलं तर का नाही ते लिहून दिलं की सुटका होती, दंडाचं प्रकरण जानेवारी २०२१ मध्ये आलं.

आता कोरोना. २३ मार्च २०२० ला कंपनी व्यवहार मंत्रालयाचं सर्क्युलर आलं की कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरता येईल, आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन या मुद्द्यांखाली. २८ मार्चला पीएम केअर्सलाही हिरवा कंदील. १० एप्रिलच्या खुलाशात मात्र स्पष्ट झालं की मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेलं सीएसआर नाही, राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेलं चालेल, आणि लॉकडाऊनमध्ये कामगारांना दिलेला पगारही सीएसआर नाही. महाराष्ट्रात यावर बरीच ओरड झाली. खरं तर सीएम फंड त्या यादीत कधीच नव्हता, पण साथीच्या ऐन भरात दिल्लीचा फंड चालतो आणि आपला नाही हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल, माझंही फिरलं.

तारखा बघा. पीएम केअर्स फंड जाहीर झाला तेव्हा आर्थिक वर्ष संपायला तीन-चार दिवस राहिलेले, आणि ३१ मार्चपर्यंत त्यात जमले ३,०७६ कोटी. सगळे सीएसआरचे असं मी म्हणत नाही, पण वर्षअखेरीला ज्यांचे २ टक्के खर्च व्हायचे राहिलेत त्यांची काय धावपळ असते ते मी जवळून पाहिलंय. शिवाय ३० मार्चला मंत्रालयाच्या सचिवांनी कंपन्यांना आवाहन केलं होतं की सढळ हाताने द्या, जास्त गेलं तर पुढे वळतं करता येईल.

यादीबाहेरही बरंच झालं हे मान्य करायला हवं. ताजच्या खोल्या डॉक्टरांना राहायला मिळाल्या, मुंबईच्या हॉस्पिटलांत त्यांच्या किचनमधून डबे गेले, टाटा ट्रस्ट्सने सांगली आणि बुलढाण्यात सरकारी हॉस्पिटलं कोविडसाठी सुधारून दिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपायला लागला तेव्हा पोलाद कारखान्यांनी द्रव ऑक्सिजन हॉस्पिटलांकडे वळवला, आणि मंत्रालयाने मेमध्ये ऑक्सिजन प्लांट, काँसंट्रेटर, व्हेंटिलेटर हेही सीएसआरमध्ये धरा असं सांगितलं. आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात आलेल्या काँसंट्रेटरवर देणाऱ्याचा स्टिकर एवढा मोठा होता की फ्लोचा आकडा वाचायला नर्सबाईंनी तो नखाने अर्धा खरवडला होता.

आणि ते ३० मार्चचं 'पुढे वळतं करता येईल'? त्याचा लेखी खुलासा यायला २० मे २०२१ उजाडला: ३१ मार्च २०२० ला पीएम केअर्सला जास्तीचं दिलं असेल तर पुढच्या वर्षात धरा, पण सीएफओ (कंपनीचा वित्तप्रमुख) आणि ऑडिटर दोघांचं सर्टिफिकेट लागेल. घरूनच काम चालू होतं, मी मेलमध्ये वर्षभरापूर्वीची पावती शोधत बसलो होतो.